‘चालतंय’ नको, कुठे लिहिलंय ते दाखवा

घरचा पहिला संगणक सुटे भाग आणून स्वतः जोडायचा ठरवला, तेव्हा तीन जणांनी एकच सल्ला दिला : ‘तयार लॅपटॉप घ्या, ते आपलं काम नाही.’ आपले काम कोणते आणि कोणते नाही, हे परस्पर ठरवून देणाऱ्यांची या देशात कधीच कमतरता नव्हती. पण नुसत्या जिद्दीने संगणकही सुरू होत नाही. कोणता भाग कशाशी जुळतो, हे वाचावे लागते. मित्रांनो, हा लेख त्या वाचनाबद्दल आहे.

गरज साधी होती. भाचीचा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, माझे लेखन, कार्यक्रमांची पत्रके. गेम वगैरे नाही. मॉनिटर सोडून सगळे ३५ हजारांत बसवायचे होते.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानाने कोटेशन दिले : रायझन ५ ५५०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीची एक रॅम, एसएसडी आणि एसएमपीएससह कॅबिनेट. ‘सगळं चालतंय दादा, रोज हेच विकतो.’ घरी येऊन एकेक नाव कंपनीच्या संकेतस्थळावर तपासले. रायझन ५ ५५०० मध्ये ग्राफिक्स नाही! म्हणजे वेगळे ग्राफिक्स कार्ड लावल्याशिवाय मॉनिटर काळाच राहणार, आणि कोटेशनमध्ये कार्ड नव्हते. फोनवर विचारले तर उत्तर आले, ‘मग कार्ड टाकू ना, चार हजारांत होईल.’ स्वस्त प्रोसेसर महाग होतो तो असा. रायझनच्या त्याच पिढीतल्या ५६००जी मध्ये ग्राफिक्स आतच आहे. शेवटचा ‘जी’ तेच सांगतो. इंटेलकडे खूण उलटी : नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर ग्राफिक्स नाही. एका अक्षराची किंमत चार हजार रुपये. मी ५६००जी घेतला.

मग बोर्ड. ५६००जी एएम४ सॉकेटमध्ये बसतो आणि बी४५० चे सॉकेटही एएम४ आहे. मग अडचण काय? बी४५० बाजारात आला २०१८ मध्ये, ५६००जी २०२१ मध्ये. बोर्डाचा बायोस जुना असेल तर तो नव्या प्रोसेसरला ओळखतच नाही. पिन बसतात, पंखा फिरतो, पडदा येत नाही. काही बोर्डांवर प्रोसेसरशिवाय बायोस बदलायची सोय असते, सगळ्यांवर नसते. प्रत्येक बोर्ड कंपनी कोणत्या प्रोसेसरला कोणती बायोस आवृत्ती लागते याची यादी देते. ती मोबाइलवर उघडून मी दुसऱ्या दुकानात गेलो, ए५२० बोर्ड मागितला आणि खोक्यातल्या बोर्डाचा बायोस कोणता ते विचारले. दुकानदार जरा चिडला. चिडू द्या, पैसे आपले आहेत.

एएम४ म्हणजे डीडीआर४ रॅम. डीडीआर५ ची खाच वेगळ्या जागी असते, ती त्यात जातच नाही. मी १६ जीबीची एक पट्टी न घेता ८-८ च्या दोन घेतल्या. आतले ग्राफिक्स याच रॅमवर चालते आणि दोन पट्ट्यांनी त्याला जवळजवळ दुप्पट रुंद वाट मिळते. एसएसडीबद्दल एवढेच : एम.२ आकाराच्या पट्ट्या साटा आणि एनव्हीएमई अशा दोन जातींच्या असतात, बोर्ड कोणती घेतो ते पाहा. आणि ५६००जी पीसीआयई ३ वरच थांबतो, त्यामुळे चौथ्या पिढीच्या एसएसडीला जास्तीचे पैसे देण्यात अर्थ नाही.

खरी गंमत एसएमपीएसची. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ मिळणाऱ्या डब्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॅट छापले होते. बाजूच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टसमोर १६ अँपियर. गुणाकार करा : १९२ वॅट. प्रोसेसर आणि पंखे चालतात ते मुख्यतः याच १२ व्होल्टवर. हिशोबाने माझ्या ६५ वॅटच्या प्रोसेसरला १९२ सुद्धा पुरले असते. पण जो डबा दर्शनी भागावरच फुगवून बोलतो, त्याच्या भरवशावर भाचीच्या नोट्स का ठेवायच्या? वेगळा, ८० प्लस शिक्क्याचा घेतला, आणि प्रोसेसरसाठीची ८ पिनची वायर आहे ना ते पाहून घेतला.

एका कार्यकर्त्या मित्राचा आक्षेप होता की एएम४ जुने झाले, एएम५ घ्यायला हवे होते. आक्षेप खोटा नाही. पुढे प्रोसेसर बदलत जायचा असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर एएम५ घ्यावे. टायपिंग, व्याख्याने आणि पीडीएफसाठी मला तो खर्च पटत नाही.

विंडोज ‘टाकून देतो’ म्हणणारेही भेटले. चोरीची प्रत नको म्हणून लिनक्स टाकले. युनिकोड मराठी त्यावर उत्तम चालते. जुन्या डीटीपी फॉन्टमधली पत्रके मात्र रूपांतर करून घ्यावी लागतात.

बिलावर दुकानाने एकच ओळ लिहिली होती : ‘असेंबल्ड कॉम्प्युटर, १ नग’. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळ्या कंपनीची आणि वेगळ्या मुदतीची असते. म्हणून तिथेच उभे राहून प्रत्येक भागाचे नाव, मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घेतले. मागे चार गिऱ्हाइके ताटकळली. त्यातल्या एका मुलाने माझे झाल्यावर स्वतःचेही बिल पुन्हा लिहायला लावले.