घरची सरी



आज वांग्याचा अनुभव लिहितोय. चूक माझीच आहे, म्हणूनच लिहितोय.

मागच्या हंगामात 20 गुंठे वांगी होती. तोडे सुरू झाले होते आणि शेंडे व फळ पोखरणारी अळी वाढली. दुकानातून क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल 18.5 एससी आणलं आणि मारलं. टोमॅटोवर हेच औषध मारून 3 दिवसांनी तोडतो, तेच डोक्यात. दुसऱ्या दिवशी पोराने बाटलीसोबतचं पत्रक वाचलं. टोमॅटोला 3 दिवस, भेंडीला 5 दिवस आणि वांग्याला 22 दिवस! औषध एकच, पण थांबायचे दिवस पिकाप्रमाणे वेगळे.

22 दिवस म्हणजे माझे 4 तोडे. कॅरेटला 350 रुपये भाव चालू होता. व्यापारी बांधावर आला. म्हणाला, "काका, माल चकाचक आहे, भरा. बाजारात कोण विचारतंय?" खरंच होतं त्याचं. कोणीच विचारत नाही.

आम्ही ख्रिस्ती, आजोबांपासून. काट्यात मी कधी खोट केली नाही. वर चांगला, खाली किडका असा कॅरेट कधी भरला नाही. पवित्र शास्त्रात लेवीयच्या 19 व्या अध्यायात वजन-माप खरं ठेवायला सांगितलंय. ते आपण पाळतो, असा मनात थोडा तोराच होता.

त्या रात्री बायको म्हणाली, "उद्या घरच्या सरीतली वांगी करते." मी गप्पच झालो. कडेची एक सरी आम्ही बिनफवारणीची ठेवायचो, घरी खायला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांकडे असेल. म्हणजे मला सगळं कळत होतं. त्याच 19 व्या अध्यायात शेजाऱ्याला आपल्यासारखंच धरायलाही सांगितलंय. मी वजन खरं देत होतो, पण माझ्या ताटाला एक माप आणि गिऱ्हाइकाच्या ताटाला दुसरं.

व्यापाऱ्याला नाही म्हटलं. फळं ठेवली तर झाड थकतं, म्हणून चारही तोडे केले आणि माल खड्ड्यात टाकला. बायांना मजुरी नेहमीचीच दिली. एकीने भाजीपुरती वांगी मागितली, तिलाही दिली नाहीत. कारण सांगितलं तर म्हणाली, "मग मागच्या वर्षी कशी दिली होती, मामा?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजून नाही.

48 कॅरेट गेले. 16,800 रुपये, मजुरी वेगळी. पोरगा म्हणाला, "पत्रक वाचलंच नसतं तर बरं झालं असतं." मलाही एकदा तसं वाटून गेलं, खोटं कशाला बोलू.

या हंगामात असं करतोय:
– थांबायचे दिवस जास्त असलेलं औषध तोडे सुरू व्हायच्या आधीच.
– तोडे चालू असताना किडके शेंडे अळीसकट खुडून नष्ट करायचे. कामगंध सापळे, 5 टक्के निंबोळी अर्क.
– फवारणीची तारीख आणि थांबायचे दिवस खोलीच्या दारावर खडूने लिहायचे, म्हणजे घरातलं कोणीही विचारू शकतं.

थोडी वांगी किडकी निघतात. ती वेगळी काढतो, कमी भरतात तर भरू देत.

आणि घरची सरी यंदा ठेवली नाही. बाजारात जातं तेच आमच्या ताटात येतं.