चुकांसाठी हेड नाही

नोकरीची सगळी वर्षं मी कंपन्यांचे हिशेब लिहिले. ते सोडल्यावर पुण्याजवळच्या मुलींच्या एका बालगृहात काम मिळालं, तेव्हा वाटलं, हे आपल्याला जमेल. सोळा-सतरा वर्षांच्या मुलींना ‘बाहेर पडण्यासाठी’ तयार करायचं होतं. बँकेचं खातं, आधार, पॅन, भाडेकरार, महिन्याचा खर्च. मी वहीत रकाने आखूनच गेले.

पहिल्यांदा गोंधळले ती स्वयंपाकघरात. मावशींच्या हाताखाली एका मुलीने साठ जणींची आमटी केली. डाळ, पाणी, तिखट, सगळा अंदाज डोळ्यांत. मी सहज म्हटलं, “आता दोघींपुरती करून दाखव.” ती डाळीचा डबा धरून उभीच राहिली. इथे डाळ किलोने शिजते, भाजी टेम्पोने येते आणि आज काय खायचं ते भिंतीवरचा तक्ता सांगतो. या मुलींनी कधी कांदा विकत घेतलेला नसतो. खोलीला कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवलेली नसते.

मग कायदा वाचायला घेतला. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार वयाची १८ वर्षं पूर्ण झाली की बालगृह सुटतं. त्यानंतर २१ वर्षांपर्यंत ‘अनुरक्षण’, म्हणजे पाठीशी राहण्याची तरतूद आहे. अपवाद म्हणून आणखी दोन वर्षं. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’मध्ये त्यासाठी महिना ४,००० रुपये धरले आहेत. पुण्यात कॉटबेसिसवर जागा आणि दोन वेळचा डबा म्हटलं की ते संपलेच. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण आणलं, पण त्याला अनाथ प्रमाणपत्र लागतं. आमच्याकडच्या बऱ्याच मुलींची आई किंवा वडील हयात आहेत. काहींना त्यांच्यापासूनच वाचवून इथे आणलंय. अठरा पूर्ण व्हायची वाट कोणी ना कोणी नातेवाईक बघत असतो. स्थळही बघून ठेवलेलं असतं.

कागद मला समजत होते. मुली समजत नव्हत्या.

आदल्या रात्री व्याजाचं गणित तोंडी सोडवणारी एक मुलगी माझ्याबरोबर मंडईत आली. मेथीच्या जुडीचा भाव ऐकून ती विचार करत होती, तेवढ्यात विक्रेता खेकसला, “घ्यायची तर घे, नाहीतर हो बाजूला!” तिने शंभराची नोट त्याच्यापुढे टाकली आणि मेथी न उचलता, सुटे न घेता चालू लागली. परत आल्यावर काउन्सेलरनी समजावलं. ज्या घरात आवाज चढला की पाठोपाठ मार यायचा, तिथे वाढलेल्या मुलीचं शरीर चढलेल्या आवाजाला आधी उत्तर देतं. विचार करायला तेव्हा सवडच नसते. तिला वजाबाकी येते. ओरडणाऱ्या माणसासमोर येत नाही.

दुसरी एक मुलगी कशालाच नाही म्हणत नाही. कुठला कोर्स करायचा? “तुम्ही सांगाल तो.” निळा ड्रेस की पिवळा? “कुठलाही चालेल.” सगळे तिला गुणी म्हणतात. मला तिचीच जास्त भीती वाटते, कारण उद्या रूममेट, ठेकेदार किंवा एखादा गोडबोल्या मुलगा काहीही मागेल आणि तिचं ‘चालेल’ तयारच असेल. तिसरीची पोक्सोची केस अजून कोर्टात आहे. साक्षीची तारीख लागली की तिला काही शिकवायचं नाही, हे मला मावशींनी सांगितलं. त्या दिवसांत त्या फक्त तिच्या शेजारी बसून भाजी निवडतात.

हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. घरातली मुलं चुकत चुकत मोठी होतात. दूध सांडतात, सुटे पैसे हरवतात, दुकानदाराकडून गंडवून घेतात. ओरडा बसतो आणि रात्री जेवायलाही मिळतं. आमच्या मुलींना लहानपणी चूक महागात पडली आणि संस्थेत आल्यावर चुकायची संधीच उरली नाही. मग सगळ्या चुका अठराव्या वाढदिवसानंतर एकदम. तेव्हा भाडं थकलं तर खोली जाते, आणि परतायला घर नसतं.

मी अधीक्षिका मॅडमना म्हटलं, “प्रत्येकीला महिन्याला थोडे पैसे देऊया. हिशेब मागायचा नाही.”

“अहो, तुम्ही अकाउंट्सवाल्या ना?” त्या हसल्या.

त्यांचंही बरोबर होतं. अनुदानाच्या प्रत्येक रुपयाला व्हाउचर लागतं. भाजीवाला पावती देत नाही, आणि फसवणारा तर नाहीच नाही. चुकांसाठी हेड नाही. शेवटी त्यांनीच एका देणगीदाराला विचारून वाट काढली: महिन्याला शंभर रुपये, बिनपावतीचे.

एकीने नेलपॉलिश आणलं. ‘चालेल’वालीने नोट घडी न मोडता परत केली, पुढच्या महिन्यातही तेच केलं. मंडईतून निघून आलेलीने छोटा टॉर्च आणला, रात्री दिवे गेल्यावर लागतो म्हणून. तो दुसऱ्याच दिवशी बंद पडला. तिने तो कपड्यांच्या ट्रंकेत तळाशी दडवला. बऱ्याच दिवसांनी मला विचारलं, “ताई, ओरडाल का?” मी नाही म्हटल्यावर म्हणाली, “मग मी बदलून मागून येते.” मी रस्त्याच्या पलीकडे थांबले. दुकानदाराने टॉर्च बदलून दिला नाही. तो कसा हातवारे करत होता ते मला दिसत होतं, पण या वेळी ती त्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत उभी राहिली. परत येऊन म्हणाली, “त्याच्याकडून परत काही घ्यायचं नाही.” शंभर रुपयांत एवढं शिक्षण मी कुठल्याच खात्यावर पाहिलं नव्हतं.

प्रत्येकीच्या फाइलमध्ये वैयक्तिक काळजी आराखडा असतो. आरोग्य, शिक्षण, भावनिक गरजा, असे त्यात मथळे. तयारी पुरी झाली हे कुठल्या मथळ्याखाली कळायचं, ते मला अजून उमगलेलं नाही. टॉर्चवाली बारावीनंतर बाहेर पडेल. बाल कल्याण समितीपुढे तिचा अनुरक्षणाचा अर्ज ठेवायचा आहे, वसतिगृह शोधायचं आहे. त्या कागदांबरोबर एक पान मी स्वतः लिहून देणार आहे. कोणाला, कोणत्या नंबरवर, रात्री किती वाजेपर्यंत फोन करता येईल, ते त्यावर असेल. खाली एक ओळ: पैसे संपले, नोकरी गेली, कोणी फसवलं, काहीही असो, ‘चुकलं’ एवढं सांगितलं तरी पुरे, बाकी आपण नंतर बघू.