आमचाच ऊस, आमचीच गाडी

आमच्या होस्टेलच्या मेसमध्ये दोन विषयांवर हमखास आवाज चढतो. एक म्हणजे डाळीतलं पाणी, दुसरं म्हणजे पेट्रोलमधलं इथेनॉल. पहिल्यावर सगळ्यांचं एकमत, त्यामुळे ते लवकर संपतं.

दुसऱ्यात मी एकटा पडतो. कारण मी शिरोळ तालुक्यातला, ऊसवाला. "तुमच्या उसापायी गाड्यांचं अ‍ॅव्हरेज गेलं," असं माझा लातूरचा रूम-पार्टनर रोज जेवताना ऐकवतो. मी पण गप्प बसत नाही. "अरे, २००१ साली देशात याचे पहिले प्रयोग झाले, त्यातले दोन आपल्या मिरज आणि मनमाडला. २००३ ला ५ टक्के, २०२२ ला १०, २०२५ ला २०. बाहेरून आणायचं तेल तेवढंच कमी! आणि आता निम्म्याहून जास्त इथेनॉल मका-तांदळाचं आहे."

खरं सांगायचं तर हे काही देशप्रेम नव्हे. माझी फी उसाच्या बिलातून भरली जाते. साखर गोदामात पडून राहिली की बिल लांबतं आणि मी ऑफिसच्या खिडकीसमोर मुदत मागत उभा. इथेनॉलचे पैसे कारखान्याला लवकर मिळतात, एवढं मला पुरेसं होतं.

गेल्या पावसाळ्यात आबांचा फोन आला. "गाडी झटकं मारतीया. मिस्त्री म्हणतोय, पेट्रोलात ऊस घालत्यात. तू इंजिनीअर होणार नव्हं? सांग बघू."

झाली का पंचाईत!

सुट्टीत गावी गेलो. गाडी माझ्याच वयाची, कार्बोरेटरची. टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढलं तर तळाला वेगळाच थर. झाकणाचं वॉशर गेलेलं आणि गाडी महिनाभर पावसात उभी. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की पेट्रोलला सोडून त्याच्याबरोबर तळाशी जातं. पाइपचं रबरही फुगलं होतं. वॉशर-पाइप बदलले, टाकी धुतली, गाडी सुरू.

मी खूश. तेवढ्यात आबांनी विचारलं, "आन् अ‍ॅव्हरेज?" वहीवर गणित मांडलं. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल, इथेनॉलमध्ये २१. २० टक्के मिसळलं की साधारण ७ टक्के ऊर्जा कमी. ऑक्टेन वाढतो, पण त्याचा फायदा जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाला, आबांच्या गाडीला नाही.

"मग लिटरचा भाव बी तेवढा उतरला असंल?"

याचा फॉर्म्युला माझ्याकडे नव्हता.

परत आल्यावर पार्टनरपुढे सगळं कबूल केलं. तो हसला नाही. म्हणाला, "अ‍ॅव्हरेजचं सोड रे. २०१६ साली आमच्या लातूरला प्यायचं पाणी रेल्वेने आलं. कुठून माहितीय? तुझ्या मिरजेहून. तरी आमच्याकडं ऊस लावतातच." त्या रात्री मी पहिल्यांदा वाद न घालता ताट उचललं.

आता फायनल इयरच्या प्रोजेक्टला आम्ही दोघांनी मिळून विषय घेतलाय: जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या जेट आणि रबर बदलून या पेट्रोलवर नीट चालवणं. पाण्याचा प्रश्न त्यात सुटत नाही, हे दोघांनाही कळतं.

आबांना फोनवर सांगितलं. म्हणाले, "टेस्टिंगला माझीच गाडी न्या. आन् बिल जमा झालंय, आधी फी भरून टाक."