सात बहिणींच्या पायथ्याशी

गोंदियाहून दक्षिणेस अर्जुनी मोरगाव तालुक्याच्या वाटेला लागावे, दुतर्फा धानाची शेते आणि मधूनमधून लहानमोठ्या बोड्या म्हणजे तळी मागे पडत जाव्यात, आणि नवेगावबांधच्या पाळीवर पाऊल ठेवताच सुमारे ११ चौरस किलोमीटरांचा जलविस्तार व त्याला वेढून बसलेल्या सात टेकड्या एकदम दृष्टीस पडाव्यात, असा हा प्रवास आहे. या टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात. समुद्रकाठच्या एखाद्या खडकात लाटांनी मनुष्याकृती कोरावी, तसे नाकडोळे येथे शोधू जाल तर सापडणार नाहीत; या टेकड्यांना देह दिला तो कृतज्ञतेने.

अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला आणि त्या कामी या बहिणींनी त्यांना दैवी साहाय्य केले, अशी आख्यायिका आहे. पाळीवरून सभोवार पाहिले की तिच्यातील तथ्य उमगते. पाणी अडविण्याचे बहुतेक काम टेकड्यांनीच केले आहे. दोन उंचवट्यांमधील जी खिंड उघडी होती, तेवढीच माणसाने मातीने बुजविली. मात्र नेमकी कोणती खिंड बुजवावी, हे ओळखणारी दृष्टी असामान्य खरी! चांद्याच्या गोंड राजाने काशीकडून आणून वसविलेले, अशी परंपरा असलेल्या या कोहळी समाजाने साऱ्या भंडारा मुलुखात तलावांचे जाळे विणले, धान आणि ऊस पिकविला. कोलू पाटलांना तर लोकांनी कोलासुर देव मानून यांतल्याच एका टेकडीवर स्थापिले.

पुढे १९५१ साली मालगुजारी, म्हणजे मालगुजारांकरवी गावाचा सारा गोळा करण्याची पद्धत, संपुष्टात आली, या मुलुखातील मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले आणि दप्तरी ‘माजी मालगुजारी’ अशी नोंद होऊन लोकांच्या तोंडी ते ‘मामा तलाव’ ठरले. ज्यांच्या शेताला पाणी मिळे त्यांनीच पाळ आणि सांडवा राखावा, ही जुनी वहिवाट मात्र अनेक गावी क्षीण झाली; ही हानी मला जमीनमहसुलाच्या कोणत्याही हिशेबापेक्षा मोठी वाटते.

हिवाळ्यात नवेगावबांधच्या पाण्यावर उत्तरेकडून पाखरांचे थवे उतरतात. वनाधिकारी म्हणून येथे राहिलेल्या मारुती चितमपल्ली यांनी ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहून तलावाभोवतीचे हे रान मराठी वाचकांच्या घरी पोचविले. १९७५ साली या परिसराचे राष्ट्रीय उद्यान झाले, २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आला. टेकडीवरचे झाड तुटले की तिची माती पहिल्याच पावसात पाण्याखाली जाऊन बसते आणि तलाव उथळ होतो. म्हणून रानाला मिळालेले हे संरक्षण कोलू पाटलांच्या पाळीलाही मिळालेले आहे, असे मी समजतो.