दोन बोटं माया

शिवणीच्या आत कापडाची जी जास्तीची पट्टी सोडतात तिला माया म्हणतात. हा शब्द मला काकूंनी शिकवला. सांगलीच्या गावभागात एका वाड्याच्या ओसरीवर त्यांचं मशीन होतं आणि मशीनच्या खणात मापांची वही. पस्तीसेक वर्षं माझे कपडे त्यांनी शिवले. त्यांच्याविषयी लिहायचं मी फार दिवस टाळलं, कारण लिहायचं तर माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगावी लागते.

१९८६ साली, नववीत असताना, मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले. त्याच्या आदल्या आठवड्यात आई मला रेडिमेड ड्रेस घ्यायला घेऊन गेली होती. दुकानदारानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि आतल्या पोराला ओरडून सांगितलं, "बायकांच्यातलं काढ, पोरींच्यातलं हिला होत नाही." सणाचे दिवस, दुकान भरलेलं. आई तिथं काही बोलली नाही. घरी येताना म्हणाली, "आता तरी भात कमी कर."

काकूंसमोर माप द्यायला उभी राहिले तेव्हा मी पोट आत ओढून घेतलं होतं. टेप गुंडाळता गुंडाळता त्या थांबल्या. "श्वास सोड बघू. असं धरून उभी राहिलीस तर कपडा त्या मापाचा होईल. मग घालून बसणार कशी?" मी श्वास सोडला. त्यांनी टेप बघितली आणि वहीत लिहिलं. आकडा तोंडानं उच्चारला नाही. इतर शिंपी माप ओरडून सांगायचे आणि हाताखालचा पोऱ्या लिहून घ्यायचा. काकूंच्या ओसरीवर चार बायका बसलेल्या असायच्या, पण कुणाचं माप किती हे कुणाला कधी कळलं नाही. तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही. काकू मुळात कमी बोलणाऱ्या, तशी त्यांची सवय असेल, असं मी धरून चालले.

शाळेत मला टुणटुण म्हणत. घरीही म्हणत, लाडानं. एकदा माझ्या भावानं ओसरीवर तशी हाक मारली आणि काकूंनी मशीन थांबवलं. "टुणटुण म्हणजे उमादेवी. नौशादकडे गायची ती. 'दर्द'मधली तिची गाणी लागली की माझी आई चुलीपुढून उठून रेडिओपाशी यायची." 'दर्द' १९४७ चा. पुढे १९५० च्या 'बाबुल'पासून त्या विनोदी भूमिका करू लागल्या. मग लोकांनी त्यांचं अंग तेवढं लक्षात ठेवलं. चिडवणं त्यानंतरही चालूच राहिलं. पण ज्या बाईचं नाव मला लावतात तिला गळा होता, हे मला त्या दिवशी समजलं, आणि ते मी पुष्कळ दिवस मनात धरून होते.

बघायला येणाऱ्यांनी "मुलगी जरा अंगानं आहे" म्हणून दिलेले नकार मी मोजले नाहीत. लग्न ठरलं तेव्हा दोन महिने एकवेळ जेवून मी बारीक झाले आणि शालूवरचा ब्लाउज घट्ट शिवा म्हणून हटून बसले. काकूंनी शिवला. हातात देताना आतली बाजू उलटून दाखवली. "दोन बोटं माया ठेवलीय. लागली तर उसव." वर्षाच्या आत उसवावा लागला. शिवण उसवताना मला स्वतःचा राग येत होता. आत कापड कुणी ठेवलं होतं आणि का, हे तेव्हाही माझ्या डोक्यात शिरलं नाही.

आता ती गोष्ट. २००३ साली माझ्याकडे सातवीचा वर्ग होता. प्रगतिपुस्तकात उंची आणि वजनाचे रकाने असतात. ते भरायला मी काटा वर्गातच आणवला. एकेकीनं काट्यावर चढायचं, आकडा मी मोठ्यानं वाचायचा, मॉनिटरनं लिहायचा. एक मुलगी चपला काढून काट्यावर चढली. मी वाचलं, "बासष्ट." वर्ग हसला. मी कुणाला गप्प केलं नाही. उलट म्हणाले, "डबा जरा कमी आणत जा हं." वर्ग पुन्हा हसला, आणि या वेळी मीही हसले. खाली उतरून तिनं घाईनं चपला घातल्या, उजवी डाव्या पायात, डावी उजव्या पायात, आणि तशीच जागेवर जाऊन बसली. ते मला दिसलं होतं. मी पुढचं नाव पुकारलं.

महिन्याभरानं स्नेहसंमेलन होतं. कोळीनृत्याच्या पंधरा मुलींचे पोशाख शिवायला मी काकूंकडे दिले होते. चौदा जणींची मापं झाली. ही मुलगी वाड्याच्या दारातच उभी राहिली, आत येईना. काकू मशीनवरून उठून तिच्याजवळ पायरीवर जाऊन बसल्या. संध्याकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. एरवी त्या मला नावानं हाक मारत. त्या दिवशी म्हणाल्या, "बाई, ती पोर मला विचारत होती, माप मोठ्यानं वाचता का म्हणून. मी म्हटलं, नाही वाचत. तर म्हणाली, आमच्या बाई वाचतात."

एवढंच बोलून त्या मशीन चालवायला लागल्या. मी किती वेळ तिथं उभी होते कोण जाणे. त्या दुकानात ओरडणारा माणूस मला सतरा वर्षं विसरता आला नव्हता, आणि एका मुलीच्या आयुष्यात तो माणूस मी झाले होते.

दुसऱ्या दिवशी मी तिला बाजूला घेऊन चुकले म्हणाले. ती "ठीक आहे, बाई" म्हणाली. तिचा पोशाख काकूंनी नजरेच्या अंदाजानं शिवला. ती नाचायला आली नाही. तो पोशाख काकूंच्या कपाटात बरीच वर्षं होता. पुढे नोकरीत असेपर्यंत मी काटा शेजारच्या खोलीत ठेवला, दार लावून, एका वेळी एक मुलगी, आणि आकडा माझ्या हातानं लिहिला. तिच्यासाठी मात्र हे उशिराच झालं.

माझी तब्येतही काकूंमुळेच कळली. २००९ च्या सुमारास मला फार थकवा यायचा, केस गळायचे, पाळीचं तंत्र बिघडलं होतं. ज्या डॉक्टरांकडे जात होते त्यांनी तिन्ही खेपेला हात न लावता सांगितलं, वजन कमी करा. मला ते पटतही होतं, दोष माझाच वाटत होता. बंद गळ्याच्या ड्रेसचं माप घेताना काकू म्हणाल्या, "गळ्यापाशी भरीव लागतंय. मागच्या खेपेला नव्हतं. दाखवून ये." दुसऱ्या डॉक्टरांनी गळा चाचपला, रक्त तपासलं. थायरॉइडचं काम मंदावलं होतं. गोळी सुरू झाली. वजन तीनचार किलो उतरलं, बाकीचं राहिलं. पण सकाळी उठावंसं वाटू लागलं.

ज्यांच्या सडपातळपणाचं सगळे कौतुक करायचे त्या माझ्या यजमानांना पन्नाशीच्या आत मधुमेह निघाला. कसा, या विचारानं मी वाचायला लागले, आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांपर्यंत पोचले. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचं आणि डॉ. जॉन युडकिन यांचं एकत्र छायाचित्र आलं होतं. उंची-वजनाच्या हिशेबानं काढलेला बीएमआय दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. मी हे काकूंना वाचून दाखवलं. त्यांना नवल वाटलं नाही. "छाती छत्तीस असलेल्या दोघी आल्या तर मी एकीचा ब्लाउज दुसरीला देते का? खांदा वेगळा, पाठ वेगळी." वजनाचा आणि साखरेचा संबंध आहे, आणि माझी साखर मी दर सहा महिन्यांनी तपासते. पण काटा बघून माणूस आळशी की खादाड हे ठरवायची सवय मला होती, स्वतःच्या बाबतीत तर फारच. ती सुटायला काकूंची ओसरी लागली.

दोन वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नासाठी त्यांच्याकडे गेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही त्यांना बारीक आकडे दिसत नव्हते. शिवणं जवळजवळ बंदच होतं, पण माझं शिवीन म्हणाल्या. टेप माझ्याभोवती गुंडाळली, डोळ्यांजवळ नेली आणि सोडून दिली. मग टेपचं टोक माझ्या हातात दिलं आणि वही उघडून माझ्या पानावर पेन्सिल टेकवली. ओसरीवर तिघीजणी बसल्या होत्या.

"किती आलं गं?"

"चव्वेचाळीस."

"दंड?"

"सोळा."

त्यांनी लिहिलं. मग पेन्सिलीनं खाली एक रेघ ओढली आणि म्हणाल्या, "दोन बोटं माया ठेवते."