कोळंबीचे वावडे

'वावडे' हा मराठीतील मोठा फसवा शब्द आहे. आळशाला कामाचे वावडे असते, रागीट माणसाला थट्टेचे. आणि एखाद्याला कोळंबीचे वावडे आहे असे म्हटले, म्हणजे ऐकणाऱ्याला तेही असलेच काही लाडावलेपण वाटते. कोकणच्या किनाऱ्यावर तर विशेषच. पाहुण्याच्या मानासाठी जेथे भल्या सकाळी बाजार गाठून ताजी सुंगटे आणावयाची, तेथे "मला चालत नाहीत" म्हणणारा पाहुणा थोडा उद्धटच ठरावयाचा! मग आग्रह सुरू होतो : "एकच घे रे, एकाने काय होते?"

एकाने पुष्कळ होते. कोळंबी, खेकडा, शेवंड यांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचे प्रथिन असते. ते विष नव्हे. शेजारच्या पाटावरचा भाऊ तेच मिटक्या मारीत खात असतो. परंतु काहींचे शरीर त्यालाच शत्रू समजते आणि त्याच्याशी झुंजताना स्वतःचेच घर जाळू लागते. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, घसा आवळतो, रक्तदाब एकाएकी उतरतो. हे प्रथिन शिजवल्याने नाहीसे होत नाही. काहींना तर उकळत्या कालवणाची वाफही बाधते.

"थोडे थोडे खाल्ले की सवय होईल," असे सांगणारे शहाणेही भेटतात. शार्ल रिशे व पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी समुद्रपुष्प नामक जलचराचे विष कुत्र्यांना टोचले, तेव्हा पहिल्या मात्रेने त्यांना संरक्षण मिळेल अशीच त्यांची अपेक्षा होती. घडले उलटे. काही आठवड्यांनी दिलेल्या अगदी अल्प मात्रेनेही कुत्रे दगावले. 1902 साली त्यांनी या प्रकाराला 'ॲनाफिलॅक्सिस' हे नाव दिले. 1913 साली रिशे यांना नोबेल पारितोषिक मिळाले. घरच्या घरी सवय लावू पाहणाऱ्यांनी ते कुत्रे आठवावेत.

रत्नागिरीकडच्या एका घरातील बारा वर्षांचा मुलगा हे सारे जाणतो. ताटातली कोळंबी डोळ्यांना दिसते, ती टाळणे सोपे. पण वांग्याच्या भाजीतले सोडे, चटणीत वाटलेला जवळा, कोळंबी तळलेल्याच तेलातली सुरमईची तुकडी? सुरमई त्याला चालते, डॉक्टरांनी तपासून तसे सांगितले आहे. ते तेल मात्र चालत नाही. म्हणून लग्नघरी तो सरळ आचाऱ्याकडे जातो आणि विचारतो, "काका, या कढईत आधी काय तळले?" प्रथम त्याला फार संकोच वाटे. लोक हसत. आता तो उत्तर मिळेपर्यंत तेथून हलत नाही. डॉक्टरांनी दिलेले ॲड्रेनलिनचे इंजेक्शन त्याच्या पिशवीत असते. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूस द्यावयाचे, आणि बरे वाटले तरी लगेच रुग्णालय गाठावयाचे, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो. पिशवीचा कप्पा वर्गातल्या दोन मित्रांना आणि गुरुजींना ठाऊक आहे.

त्याची आजी पूर्वी याला 'नखरे' म्हणे. एका संध्याकाळी तिने नातवाचे सुजलेले ओठ पाहिले, त्याचा अडकणारा श्वास ऐकला. तेव्हापासून फळीवर त्याचा तवा व उलथने निराळे असते. परवा शेजारीण कोळंबी तळण्यासाठी तो तवा मागावयास आली. आजीने तिला आपला मोठा बिडाचा तवा दिला, गूळपाणी दिले, वर चार कोकमेही बांधून दिली. तो तवा मात्र दिला नाही.