बिअर चांगली होती, पण मिळाली कोणाला?

आम्ही दारू पीत नाही. पंचशीलातले पाचवे शील विहारात म्हणायचे आणि बाहेर पडल्यावर विसरायचे, हे आम्हाला मान्य नाही. तरीही गेल्या वर्षी इंग्लंडमध्ये आम्ही पबमध्ये गेलो आणि एका पबबद्दल ऑनलाइन रिव्ह्यूही लिहिला. त्यावरून जो वाद झाला तो इथे मांडतो आहोत. वरवर तो बिअरचा वाटेल, पण मुळात तो आपलाच आहे.

१९२१-२२ मध्ये बाबासाहेब लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरात राहत होते. ते घर पाहायला आम्ही दोघे कार्यकर्ते गेलो होतो. तिथून पुढे वेस्ट मिडलंड्समधल्या आंबेडकरी बांधवांकडे मुक्काम होता. वाटेत एका गावात जेवायला पबमध्ये शिरलो. तिथे ऑर्डर घ्यायला टेबलापाशी कोणी येत नव्हते, रांगही नव्हती. काउंटरशी उभे राहायचे आणि आतल्या माणसाची नजर मिळाली की मागायचे. आम्ही उभे राहिलो. आमच्यामागून आलेल्या तिघांना मिळाले, मग आणखी दोघांना. आम्ही तिथेच. शेवटी ऑर्डर घेतली, तर चिप्स गार आणि मासा आतून कच्चा. रात्री आम्ही एक तारा दिला आणि लिहिले, ‘काउंटरवरचा लाल केसांचा पोरगा उद्धट आहे, त्याला काढून टाका.’

दुसऱ्या दिवशी यजमानांकडे ही गोष्ट निघाली. त्यांचे गोरे शेजारी तिथे बसले होते. निवृत्त शिक्षक, भला माणूस आणि बिअरचे दर्दी. ते म्हणाले, पबचा रिव्ह्यू बिअरवर असावा. जेवण आणि सर्व्हिस हा त्या दिवशीच्या नशिबाचा भाग. त्याचे रडगाणे रिव्ह्यूत कशाला?

त्यांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. मोठ्या कंपन्या सगळीकडे एकाच साच्याची बिअर लादत होत्या, तेव्हा १९७१ मध्ये ‘कॅमरा’ ही ग्राहकांची संघटना उभी राहिली. तिचे ‘गुड बिअर गाइड’ १९७४ पासून निघते आणि त्यात पबची निवड मुख्यतः बिअरच्या दर्जावर होते. सामान्य ग्राहकांनी संघटित होऊन कंपन्यांशी टक्कर घेतली, हे आम्हा चळवळीतल्या माणसांना आवडणारच. पिंपातली जिवंत बिअर उघडल्यावर थोड्याच दिवसांत बिघडते. ती नीट राखणे हे पबवाल्याचे कसब आहे, त्याची दाद घ्यायलाच हवी.

यजमानांचे वडील हे सगळे ऐकत होते. साठच्या दशकात ते पंजाबातून आले आणि फाउंड्रीत राबले. आम्ही त्यांना अंकल म्हणत होतो. त्यांनी शेजाऱ्यांना एकच विचारले, “१९६५ साली स्मेथविकची बिअर कशी होती?”

शेजारी हसून म्हणाले, “चांगलीच असणार.”

“चांगलीच होती. पण स्मोक रूममध्ये ती आम्हाला मिळत नव्हती.”

त्या काळी बऱ्याच पबमध्ये दोन-तीन खोल्या असत. साधा बार कामगारांचा. लाउंज किंवा स्मोक रूम जरा वरच्यांची. बर्मिंगहॅमलगतच्या स्मेथविकमध्ये काही पबच्या अशा खोल्यांत फक्त गोऱ्यांना प्रवेश होता. इंडियन वर्कर्स असोसिएशनच्या लोकांनी त्यावर युक्ती काढली. आधी गोरे मित्र आत जाऊन पेय मागत, त्यांना मिळे. मग आपले लोक तेच मागत, त्यांना नकार मिळे. याची नोंद ठेवायची आणि पबचा परवाना नव्याने घ्यायची वेळ आली की मॅजिस्ट्रेटपुढे हरकत घ्यायची. १२ फेब्रुवारी १९६५ रोजी माल्कम एक्स याच संघटनेच्या निमंत्रणावरून स्मेथविकला आले आणि हा वर्णभेद त्यांनी स्वतः पाहिला. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांची हत्या झाली.

त्याआधी १९६४ मध्ये ब्रिस्टलच्या एका पबमध्ये पॉल स्टीफनसन या कृष्णवर्णीय कार्यकर्त्याने पेय मिळाल्याशिवाय उठायला नकार दिला. त्यांना अटक झाली, खटला चालला आणि ते सुटले. नोव्हेंबर १९६५ मध्ये ब्रिटनचा पहिला वंशभेदविरोधी कायदा झाला आणि पब, हॉटेल, रेस्टॉरंट अशा सार्वजनिक ठिकाणी वर्ण पाहून नाकारणे बेकायदा ठरले.

आता सांगा, त्या काळी कोणी फक्त बिअरवर रिव्ह्यू लिहिला असता, तर त्यात हे दिसले असते का? बिअर दोन्ही खोल्यांत तीच. पाच तारे मिळाले असते. अन्याय बिअरमध्ये नव्हता, तो सर्व्हिसमध्ये होता.

मित्रांनो, हे आपल्याला शिकवायची गरज नाही. गावच्या हॉटेलात चहा एकाच पातेल्यातला, आपला कप मात्र वेगळा, बाहेर वळचणीला ठेवलेला आणि आपणच धुवायचा. चहाच्या चवीवर रिव्ह्यू लिहिणाऱ्याला तो कप कधीच दिसणार नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडला गेले ते पाण्याची चव पाहायला नव्हे. म्हणूनच संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ब्रिटनच्या कायद्याच्या १५ वर्षे आधी आपल्याकडे हे कलम लागू झाले. ‘सर्व्हिसची तक्रार किरकोळ’ हे ज्याला कधी नाकारले गेले नाही, त्यालाच सुचू शकते.

आम्हाला वाटले, अंकलनी आपली बाजू घेतली. पण ते आमच्याकडे वळले आणि रिव्ह्यू वाचून दाखवायला सांगितला. ऐकून म्हणाले, “बेटा, आम्ही पोराच्या केसांचा रंग लिहीत नव्हतो. आम्ही तारीख आणि वेळ लिहीत होतो.”

आम्ही गप्प झालो. तो पोरगा जेमतेम अठरा-एकोणीसचा, काउंटरवर एकटा होता. आमचा रंग पाहून त्याने टाळले, की गोंधळात आम्ही दिसलोच नाही? आम्ही त्याला विचारले नव्हते. आम्ही निकाल दिला आणि शिक्षाही सुनावली. मासा तर त्याने तळलाही नव्हता. आपल्या वस्तीतली पोरे आज हेच काम करतात. कोणी वेटर आहे, कोणी पाठीवर पिशवी लावून डिलिव्हरी करतो. वरून कोणीतरी एक तारा टेकवतो आणि त्याचा भार त्यांच्यावर पडतो, मालकावर नाही. शेजारच्या टेबलावर मटण होते म्हणून नाक मुरडणारेही ‘तक्रार’च करतात. म्हणजे तक्रार हे समतेचे हत्यार आहे, तसे जातीचेही आहे. ते कोणावर रोखले आहे, हे प्रत्येक वेळी तपासले पाहिजे.

आम्ही तो रिव्ह्यू काढला आणि नवा लिहिला. आम्ही किती वाजता उभे राहिलो, आमच्यानंतर आलेल्या किती जणांना आधी मिळाले, मासा कच्चा होता, गर्दीच्या वेळी काउंटरवर एकच माणूस होता. आणि मालकाला प्रश्न: ग्राहकांचा क्रम कसा ठरतो? पोराचे वर्णन नाही, काढून टाकायची मागणी नाही.

संध्याकाळी अंकल आम्हाला एका ‘देसी पब’मध्ये घेऊन गेले. ज्यांना एके काळी पबमध्ये नाकारले जात होते, त्यांच्यातल्या काहींनी पुढे पबच चालवायला घेतले. अशा पबवर डेव्हिड जेसुदासन यांचे पुस्तक २०२३ मध्ये आले आणि ते त्याच कॅमराने छापले. आमच्यापुढे मिक्स्ड ग्रिलची वाफाळती थाळी आणि लिंबू सोडा होता. बिअर कशी होती ते आम्हाला सांगता येणार नाही. जेवण गरम होते, आणि काउंटरवर आमचा नंबर आमच्याच वेळी आला. आमचा रिव्ह्यू एवढाच.

तेव्हा हॉटेलात, पबमध्ये, कुठेही तक्रार करायची वेळ आली तर जरूर करा, लेखी करा. पण पोरावर नको, व्यवस्थेवर करा. तारीख आणि वेळ लिहायला विसरू नका.

जय भीम.